शुक्रवारच्या फेरीत पुढे जाणारा माणूस

सदा,

तू गेलास त्याला आज सव्वीस दिवस झाले. या दिवसांत चार शुक्रवार आले. पहिल्या तीन शुक्रवारी तुझी फेरी निघाली नाही. काल चौथ्या शुक्रवारी निघाली आणि तिच्यात मी होतो. तीन वर्षं तू मला एकच प्रश्न विचारत होतास. त्याचं उत्तर असं तुझ्या पाठीमागे द्यावं लागलं, याचं वाईट वाटतं. रडू मात्र आलेलं नाही. घरी मंजिरी म्हणते, येईल. बघू.

आपली ओळख झाली ती आमच्या अझैब्याच्या इमारतीतल्या लिफ्टमुळे. चार महिन्यांत लिफ्ट अकरा वेळा अडकली होती. मी तारीख, वेळ, मजला आणि आत किती माणसं होती असा तक्ता करून तक्रारीला जोडला. तू दुरुस्तीला आलास आणि आधी माझं दार वाजवलंस. "तक्ता तुम्हीच केलाय काय? बारा वर्षं लिफ्टची कामं करतोय मस्कतमध्ये, लोक शिव्या देतात. तक्ता कुणी दिला नव्हता." मग तू सांगितलंस की अकरापैकी नऊ वेळा लिफ्ट तिसऱ्या मजल्यावर अडकली होती, म्हणजे दोष तिसऱ्याच्या दारात होता. तू चहा घेतलास आणि जाताना मला अरे-तुरे करूनच गेलास.

त्यानंतर वर्षभराने तू खेळाचं काढलंस. हमरियात तुझ्या खोलीवर मी पहिल्यांदा आलो होतो. तीन पलंग, तीन कपाटं आणि तुझ्या पलंगाशी भिंतीला लावलेलं छोटं टेबल, त्यावर लॅपटॉप. पडद्यावर काळं आकाश होतं आणि मधोमध एक बोजड जहाज, वीट असावी तसं. तू म्हणालास, हे हजारो सूर्यमालांचं एक जग आहे. दोन सूर्यमालांच्या मध्ये दरवाजे आहेत, त्यांतून उडी मारून पलीकडे जायचं. जगभरची माणसं याच एका आकाशात एकाच वेळी असतात. कुणी खाणी खणतो, कुणी व्यापार करतो, कुणी दरवाजापाशी दबा धरून दुसऱ्यांची जहाजं फोडतो.

"आणि तू काय करतोस?"

"मी आमच्या स्टेशनला इंधन पोचवतो."

"एवढ्या मोठ्या आकाशात जाऊन तू टेम्पो चालवतोस?"

"टेम्पो नाय रे, ट्रेलर," तू म्हणालास. तुला राग आला नाही. तुला कशाचाच पटकन राग येत नसे, ही तुझी एक अडचणच होती. समोरच्याला कळायचं नाही की त्याने कुठली मर्यादा ओलांडली.

तुमची चौदा जणांची मंडळी होती आणि दूरच्या एका सूर्यमालेत तुमचं एक स्टेशन होतं. त्याला दर आठवड्याला इंधन लागायचं. ते संपलं की स्टेशन बंद पडणार आणि बंद पडलेलं स्टेशन कुणीही येऊन मोडणार. बाजारापासून स्टेशनपर्यंत अकरा दरवाजे. ही फेरी तू शुक्रवारी सकाळी दहाला करायचास. त्या वेळेची फेरी तुझ्यावर का सोपवली होती, ते तू मला मोठ्या ऐटीत समजावलंस. "युरोप कामावर, अमेरिका झोपेत. त्या वेळेला सुट्टी फक्त आपल्याला. रस्ते रिकामे." ओमानच्या सुट्टीचा असा उपयोग करणारा दुसरा माणूस मी पाहिलेला नाही.

रस्ते रिकामे असले तरी पूर्ण रिकामे नसत. तुझं जहाज संथ होतं, दरवाजातून पलीकडे गेल्यावर मागे फिरायला वेळ मिळायचा नाही. म्हणून तुला पुढे जाणारा एक माणूस हवा होता. छोट्या जहाजातून एक दरवाजा पुढे जायचं, पलीकडे किती जहाजं उभी आहेत ते बघायचं आणि मागच्याला कळवायचं. इथल्या इंटरनेटवर बोलण्याची जोडणी नीट लागत नसे, त्यामुळे टाइप करूनच. "छोटं जहाज पहिल्याच दिवशी फुकट मिळतं," तू म्हणालास. "शिकायला काही नाही. फक्त मोजायचं. तुझ्यासारखा माणूस मला कुठे मिळणार?"

मी म्हटलं, विचार करून सांगतो.

मग मी विचार केला. तू हसायचास, पण मी तसाच करतो. आठवड्याचे एकशे अडुसष्ट तास घेतले. झोप, ऑफिस, जाणं-येणं, इराचा शाळेचा अभ्यास, बाजार, महिन्यातून दोनदा होणाऱ्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमांचं आठवड्याला पडणारं प्रमाण, सगळं वजा केलं. साडेसहा तास उरले. तो कागद तुला दाखवला. तू नीट वाचलास.

"या साडेसहा तासांत काय करतोस?"

"काही नाही."

"मग?"

"ते राखीव आहेत."

"कशासाठी?"

"अचानक काही उद्भवलं तर," मी म्हटलं. तू कागदाची घडी करून माझ्या खिशात घातलीस. "येतलंस काय नाय, तेवढा सांग मेल्या." मी पुन्हा म्हटलं, विचार करतोय.

हे तीन वर्षं चाललं. मधल्या काळात मी खेळाचे नियम वाचले. त्यात काय काय शिकावं लागतं त्याची यादी केली, ती संपली नाही. तू एकदा म्हणालास की या खेळातली कौशल्यं खेळत नसतानाही वाढतात, एकदा बटण दाबून ठेवलं की आपण झोपलेले असू, ऑफिसात असू, ती आपली वाढत राहतात. "तू विचार करत बस. तेवढ्यात तुझा माणूस शिकून तयार होईल. खातं तरी उघड." तुझा हा मुद्दा बिनतोड होता. मी तरीही उघडलं नाही. उघडलं की निर्णय झाला असं होईल, असं मला वाटायचं.

आता आपण सूर शहरी गेलो त्या दिवसाबद्दल. तो टाळून पुढे जाता येणार नाही.

सूरच्या एका हॉटेलात तुझं लिफ्टचं काम होतं आणि मला तिथे एका जागेची मापं घ्यायची होती, म्हणून माझ्या गाडीतून एकत्र गेलो. काम उरकून तू मला जहाजं बांधतात त्या आवारात नेलंस. अर्धवट झालेलं एक लाकडी गलबत टेकूवर उभं होतं. तू त्याच्या नाळेखाली, पुढच्या टोकाखाली, उभा राहून वर बघत राहिलास. आपल्या किनाऱ्यावर अशी गलबतं यायची असं तू आजोबांकडून ऐकलं होतंस. म्हणालास, "खडक असले की नाळेवर एक माणूस बसवायचे. तो काही करायचा नाही, फक्त बघायचा आणि ओरडून सांगायचा. त्याच्यावाचून तांडेल गलबत पुढे हाकत नसे."

मला कळलं तुझा रोख कुठे आहे ते. परतीच्या वाटेवर तू तो विषय काढलासच. आदल्या शुक्रवारी तुझं जहाज भरल्या इंधनासकट फुटलं होतं. नवव्या दरवाजापलीकडे पाच जण उभे होते. "एक माणूस पुढे असता तर वाचलं असतं," तू म्हणालास. तू मला दोष देत नव्हतास. पण दिवसभर उन्हात मापं घेऊन मी दमलो होतो आणि तीच ती गोष्ट पुन्हा ऐकून वैतागलो होतो. मी म्हणालो, "सदा, तुला इथे घर नाही, म्हणून तुला तो खेळ लागतो. मला घर आहे."

हे मी म्हणालो. शब्द हेच होते, मी बदललेले नाहीत.

तू खिडकीबाहेर बघितलंस. कुरियात गाव जवळ आलं तेव्हा म्हणालास, "कडक चहा घेऊया?" आपण घेतला. पैसे तू दिलेस. त्यानंतर तू मला खेळाबद्दल पुन्हा कधी विचारलं नाहीस, आणि तू विचारणं थांबवलंस हे माझ्या लक्षात यायला दोन महिने लागले. लक्षात आल्यावर मी मनात म्हटलं, बरं झालं, विषय संपला. त्यानंतर आपण सात महिने भेटत होतो, जेवत होतो, इराची सायकल तू दुरुस्त केलीस. त्या वाक्याबद्दल बोलायला सात महिने होते. मला वाटलं, भरपूर आहेत.

तू गेल्यावर तुझी खोली आवरायला मी आलो. सामान बांधताना शुभांगी वहिनींचा गावाहून फोन आला. काय पाठवायचं, काय कुणाला द्यायचं, हे त्या फार शांतपणे सांगत होत्या. शेवटी म्हणाल्या, "भाऊजी, त्या खेळातल्या लोकांना कळवा हं. ते वाट बघत असतील. यांचा पासवर्ड वहीत आहे, यांच्या खात्यातूनच लिहा." मी हो म्हटलं.

आणि बारा दिवस काही केलं नाही. खरं कारण असं, की तुझ्या नावाने लिहिणं मला बरं वाटेना. तुझ्या नावापुढे हिरवा दिवा लागणार, तेरा माणसांना वाटणार तू आलास, आणि मग त्याच नावाने मी लिहिणार की तू गेलास. शिवाय एकाचं खातं दुसऱ्याने वापरू नये असा नियम आहे. तो तू वाचला नसशील, मी वाचला होता. वहिनींनी पुन्हा विचारलं, "कळवलंत का?" मला खोटं बोलता आलं नाही. कळवायचं तर एकच मार्ग होता, स्वतःच्या नावाने आत जायचं.

म्हणजे तीन वर्षं ठरवलं नाही ते मी शेवटी एक निरोप द्यायचा म्हणून केलं. बुधवारी संध्याकाळी खातं उघडलं. खेळाने विचारलं, तुमच्या अवकाशवीराचं नाव काय? मी माझं नाव, वडिलांचं नाव आणि आडनाव लिहिलं. तुमच्या मंडळींच्या गप्पांची खिडकी शोधायला चाळीस मिनिटं लागली. मजकूर आधी कागदावर लिहून काढला होता. "मी सदाचा मस्कतमधला मित्र. सदाचं निधन झालं. त्याच्या पत्नीने तुम्हाला कळवायला सांगितलं आहे."

मग मार्ताने लिहिलं. मार्ताबद्दल तू सांगितलं होतंस, पोलंडमध्ये परिचारिका आहे, सतत रात्रपाळी, तुमच्यात सगळ्यांत जुनी. ती इंग्रजीत लिहिते, मी मराठीत सांगतो. आधी तिने तुझ्याबद्दल विचारलं. त्रास झाला का, घरी कोण आहे, मुलं किती. माहीत होतं तेवढं मी सांगितलं. मग तिने विचारलं, "तू तोच का, जो विचार करतोय?"

मी लिहिलं, हो.

तुमच्यात माझं नाव 'विचार करणारा' असं पडलेलं आहे, हे तू मला कधी सांगितलं नाहीस.

मार्ताने सांगितलं की तीन शुक्रवार फेरी झालेली नाही, साठवलेलं इंधन रविवारी संपेल. बाकीचे जण पैसे टाकून दुसरं स्टेशन घेऊ म्हणतायत, पण हे स्टेशन तू बांधायला घेतलं होतंस आणि त्याचं नाव तुझ्या गावाचं आहे. ती स्वतः शुक्रवारी पाळी संपवून घरी आली की जहाज काढेल. तुझ्याइतका तिला रस्ता माहीत नाही. एकटी गेली तर फुटेल. "तू पुढे जाशील का? उद्यापर्यंत सांग."

मी विचार करून सांगतो असं लिहिलं होतं. पाठवलं नाही. खोडलं आणि लॅपटॉप बंद केला.

गुरुवारी जेवताना मंजिरीला सांगितलं. तिने पोळी वाढता वाढता विचारलं, "किती वेळ लागतो?"

"दोन तास. सकाळी दहा ते बारा."

"मग जा की. भाजी शनिवारी आणू."

"प्रश्न भाजीचा नाही."

"मला माहितीये कशाचा आहे ते," ती म्हणाली. सूरहून आल्यावर त्या संध्याकाळी मी तिला सगळं सांगितलं होतं, आणि तेव्हा ती म्हणाली होती, फोन करून टाक आत्ताच. "तेव्हा नाही केलास फोन. आता हे तरी कर."

इरा मध्येच म्हणाली, "पण बाबा, तुला येतं का? इट्स सुपर कॉम्प्लिकेटेड. माझ्या क्लासमधल्या मुलांनी पण सोडला."

"मोजायचंय फक्त," मी म्हटलं. जेवून उठलो आणि मार्ताला लिहिलं, येतो.

काल दहा वाजता आम्ही निघालो. पहिले सहा दरवाजे रिकामे होते. मी पलीकडे जायचो, बघायचो, 'शून्य' लिहायचो, मागून मार्ता यायची. सातव्या दरवाजापलीकडे जहाजं होती. मी मोजली, तीन. 'तीन' लिहिलं. मार्ताने लिहिलं, "पुरे. निघ तिथून." पण दोन जहाजं एकामागे एक दिसत होती आणि त्यांच्या आड आणखी एक असावं असा मला संशय आला. चुकीचा आकडा कळवून निघून जाणं मला जमेना. मी जागा बदलून पुन्हा मोजायला लागलो. चार होती. 'चार' लिहिलं आणि तेवढ्यात माझं जहाज फुटलं.

इरा मागे उभी होती. "बाबा, तू डेड झालास."

तुझ्या खेळात मेलेला माणूस बाजाराच्या स्टेशनवर पुन्हा उठतो आणि त्याला नवं छोटं जहाज मिळतं. मला ते मिळालं. याबद्दल मनात जे आलं ते इथे लिहीत नाही, तुला आवडणार नाही.

मार्ता सहाव्या दरवाजापाशीच थांबली होती. मी परत येईपर्यंत पंचवीस मिनिटं गेली. तिने लिहिलं, "तीन पुरेसे होते. तिघांना मी भ्यायलेच होते. चौथ्याने काही फरक पडणार नव्हता." मी लिहिलं, आकडा बरोबर असायला हवा. त्यावर तिने लिहिलं, "सदा म्हणायचा, हा माणूस मोजता मोजता मरेल, पण चूक सांगणार नाही."

चार जण हलेनात, आम्ही थांबून राहिलो. त्या वेळात मी तिला विचारलं, मी का येत नाही असं सदा तुम्हाला सांगायचा? मार्ताने सांगितलं, त्यांच्यातल्या कुणीतरी एकदा तुझी थट्टा केली होती, की असा कुणी मित्रच नसेल, याने मनाने रचलाय. तेव्हा तू लिहिलं होतंस, "मित्र आहे. त्याचं इथे घर आहे, बायको आहे, मुलगी आहे. मी दर पंधरा दिवसांनी तिथे जेवतो. त्याने इथे येऊन त्यातला वेळ घालवू नये. विचार करतोय तो, करू दे." हे कधी लिहिलं होतंस तेही मी विचारलं. मार्ताने मागे जाऊन तारीख काढली. सूरनंतरचा दुसरा आठवडा.

सदा, मी ज्या शब्दांनी तुला तोडलं होतं, ते तू माझी बाजू मांडायला वापरलेस. एवढंच कळतं की माझं विधान चुकीचं होतं आणि ते मी तपासलं नव्हतं. तुला इथे घर नव्हतं, असं मी म्हणालो. दर पंधरा दिवसांनी माझ्या टेबलाशी तुझी ठरलेली खुर्ची होती, एका स्टेशनाला तुझ्या गावाचं नाव होतं, तेरा माणसं तीन शुक्रवार तुझी वाट बघत थांबली होती. मी ते हिशेबात धरलं नाही. माझं चुकलं. हे तुझ्या तोंडावर सांगायचं होतं, चहा पिताना सांगता आलं असतं.

पावणेबाराला ते चौघे निघून गेले. उरलेले दरवाजे रिकामे होते. साडेबाराच्या सुमारास मार्ताने इंधन उतरवलं. तिने विचारलं, पुढच्या शुक्रवारी? मी 'हो' लिहिलं. आधी कुठलाही कागद घेतला नाही.

दुपारी वहिनींना फोन केला. खेळातल्या लोकांना कळवल्याचं सांगितलं, ते काय म्हणाले ते सांगितलं.

"ते स्टेशन का काय ते, अजून आहे ना?" त्यांनी विचारलं.

"आहे. आजच इंधन पोचवलं. आता दर शुक्रवारी मी जाणार आहे, इथल्या दहाला. तुमच्याकडे साडेअकरा."

"माहितीये मला ती वेळ," वहिनी म्हणाल्या. "त्या वेळात यांचा फोन कधी यायचा नाही. मी तेव्हा कपडे धुवायला घ्यायची. कपडे वाळत टाकेपर्यंत यांचा मेसेज यायचा, 'पोचलं' म्हणून. तेवढाच एक शब्द. मला त्यातलं काही कळायचं नाही, पण तो आला की मी जेवायला बसायची." मग म्हणाल्या, "तीन शुक्रवार मी कपडे उशिराच धुते."

मी घड्याळात पाहिलं. त्यांच्याकडे अडीच वाजत आले होते.

"तुम्ही जाल तेव्हा टाकाल का मेसेज? यांच्यासारखाच. जास्त काही लिहू नका."

टाकीन म्हटलं आणि फोन ठेवला. मग वाटलं, पुढच्या शुक्रवारची वाट कशाला बघायची. त्या दिवसाची फेरीही झालेलीच होती. उशीर झाला होता, पण झाली होती. मी त्यांना लिहिलं, 'पोचलं.'

दोन मिनिटांनी उत्तर आलं, 'बसते जेवायला.'